‘राइट’ : सरळ रेषेपासून हक्कापर्यंत



आज आपण इंग्रजी भाषेतला एकच शब्द घेणार आहोत. तो इतका रोजचा आहे की इंग्रजी न शिकलेली मंडळीही तो सहज वापरतात. रिक्षावाल्याला आपण सांगतो, ‘पुढच्या चौकात राइट घ्या’. मुलाचे गणित तपासताना म्हणतो, ‘उत्तर राइट आहे’. वर्तमानपत्रात ‘राइट विंग’च्या राजकारणावर लेख येतो. आणि कचेरीत काम अडले की कोणीतरी सल्ला देतो, ‘राइट टू इन्फर्मेशनखाली अर्ज टाका’.

आता बघा, यात एक दिशा आहे, एक बिनचूक उत्तर आहे, एक राजकीय बाजू आहे आणि एक नागरिकाचा हक्क आहे. मराठीत आपण या चारांसाठी उजवा, बरोबर, उजवे आणि हक्क किंवा अधिकार असे शब्द वापरतो. इंग्रज माणूस मात्र एकाच शब्दावर भागवतो. हा योगायोग असेल का? भाषेत असे योगायोग होतात. दिव्याची ‘वात’ आणि शरीरातला ‘वात’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक ‘वर्ति’पासून आला, दुसरा वाऱ्यापासून, आणि झिजत झिजत दोघांचा आवाज एक झाला. ‘राइट’चे तसे नाही. त्याचे हे सगळे अर्थ एकाच मुळापासून फुटले आहेत. आणि आम्हाला या शब्दाविषयी बोलावेसे वाटते ते यासाठी की, माणसे एकमेकांचे काय देणे लागतात, या भांडणाचा मोठा इतिहास या एका शब्दात साठलेला आहे. त्या इतिहासाचे एक टोक आपल्या महाडला येऊन पोचते.

आधी थोडी साफसफाई करू. ‘राइट’ म्हणजे लिहिणे, ‘राइट’ म्हणजे धार्मिक विधी आणि ‘प्लेराइट’ म्हणजे नाटककार, यातला ‘राइट’ हे तिन्ही शब्द उच्चाराने सारखे असले तरी वेगळे आहेत. ‘प्लेराइट’मधला ‘राइट’ म्हणजे घडवणारा, कारागीर. इंग्रजीतल्या ‘वर्क’ या शब्दाचा तो नातेवाईक आहे. गाडे घडवणारा सुतार तसा नाटक घडवणारा नाटककार. हे तिघे बाजूला ठेवू.

आपल्या ‘राइट’च्या स्पेलिंगमध्ये मध्येच ‘जी’ आणि ‘एच’ ही दोन मुकी अक्षरे येतात. शाळेत ती पाठ करताना सगळ्यांनाच त्रास झालेला असतो. ती अक्षरे एके काळी मुकी नव्हती. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘रिख्त’च्या जवळपास उच्चारला जाई. जर्मन भाषेत आजही ‘रेख्त’ आहे आणि स्कॉटलंडच्या बोलीत ‘रिख्त’ ऐकू येतो. इंग्लंडात मधला खरखरीत आवाज गळून गेला आणि अक्षरे तेवढी राहिली.

या शब्दाचा मूळ अर्थ होता सरळ. वाकडा नाही तो. लॅटिनमधला ‘रेक्टुस’, म्हणजे सरळ, हा त्याचा भाऊ. आणि आपल्या संस्कृतातला ‘ऋजु’ हाही त्याच कुळातला. इंग्रजीत काटकोनाला ‘राइट अँगल’ म्हणतात, त्यात हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. काटकोन काही ‘बरोबर’ कोन नसतो आणि बाकीचे कोन चूक नसतात. तो उभा, सरळ कोन असतो. कलंडलेले जहाज पुन्हा उभे केले की त्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद लावतात. ‘राइट नाऊ’ म्हणजे आत्ता, मध्ये कुठे न वळता, थेट या क्षणी. ‘राइट ऑनरेबल’ या पदवीतला ‘राइट’ म्हणजे ‘अगदी, पुरेपूर’. तोही थेटपणातूनच आला.

सरळ या अर्थापासून ‘योग्य’ या अर्थापर्यंत जायला फार चालावे लागत नाही. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो. भिंत ओळंब्यात आहे म्हणजे ती सरळ आहे, आणि सरळ आहे म्हणजेच ती बरोबर बांधली आहे. आपणही माणसाला सरळ म्हणतो, नाकासमोर चालणारा म्हणतो. कोणी भांडायला उठला तर तो वाकड्यात शिरला म्हणतो. इंग्रजीतला याच्या विरुद्धचा शब्द बघा. ‘राँग’ म्हणजे मुळात वाकडा, पिळलेला. कपडे पिळण्यासाठी इंग्रजीत जे क्रियापद आहे, त्याच घराण्यातला तो आहे. कायद्यात नुकसानभरपाईचे दावे ज्या ‘टॉर्ट’खाली येतात, तो शब्दही ‘पिळलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. म्हणजे कायद्याची भाषा मुळात गवंड्याची आणि सुताराची भाषा आहे. एकीकडे सरळ, दुसरीकडे पिळवटलेले.

आता हात. जुन्या इंग्रजीत उजव्या हाताला ‘राइट’ म्हणतच नव्हते. त्यासाठी वेगळा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता ‘जास्त बळकट’. ‘लेफ्ट’चा मूळ अर्थ होता ‘दुबळा’. पुढे बळकट हाताला ‘सरळ, योग्य हात’ असे नाव मिळाले आणि तेच टिकले. गंमत म्हणजे आपल्या मराठीतही हेच घडले आहे. संस्कृत ‘ऋजु’, प्राकृत ‘उज्जु’, आणि त्यावरून आपला ‘उजवा’. म्हणजे रिक्षावाल्याला ‘राइट घ्या’ म्हटले काय किंवा ‘उजवीकडे घ्या’ म्हटले काय, हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले दोन चुलत भाऊच आपल्या तोंडी येतात.

पण या ठिकाणी जरा थांबायला हवे, कारण शब्द काय काय करू शकतात ते इथे दिसते. एका हाताला ‘योग्य’ म्हटले की दुसरा हात आपोआप संशयित ठरतो. लॅटिनमध्ये डाव्यासाठी जो शब्द आहे, त्यावरूनच इंग्रजीत ‘सिनिस्टर’ म्हणजे अशुभ, कुटिल हा शब्द आला. आपल्याकडे ‘डावे-उजवे करणे’ म्हणजे भेदभाव करणे. डावखुऱ्या मुलांना मारून-मुटकून उजव्या हाताने लिहायला लावणारे मास्तर आमच्या पिढीने भरपूर पाहिले. त्या मुलांचा काय गुन्हा होता? बळकट हाताला भाषेने ‘योग्य’ हे नाव देऊन टाकले होते, एवढाच. बळ आणि योग्यता यांची अशी गल्लत पुढे आणखी मोठ्या प्रमाणावर भेटणार आहे, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवा.

राजकारणातल्या ‘राइट’चे मूळ तर बसायच्या जागेत आहे. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार द्यावा की नाही यावर वाद चालला होता. राजाच्या बाजूचे सभासद अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले आणि विरोधातले डाव्या हाताला. त्यावरून उजवे आणि डावे हे शब्द जगभर गेले. यात कोणी योग्य आणि कोणी अयोग्य असे काही नव्हते. १७८९ची ही सभा आपल्याला पुढे पुन्हा भेटेल.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. ‘राइट’ म्हणजे हक्क, हा अर्थ कुठून आला?

लॅटिनमधला ‘युस’, फ्रेंचमधला ‘द्रुआ’ आणि जर्मनमधला ‘रेख्त’ या तिन्ही शब्दांचे दोन-दोन अर्थ आहेत. एक, कायदा. दुसरा, हक्क. जर्मन विद्यार्थी कायद्याचा अभ्यास करतो तोही ‘रेख्त’, आणि नागरिक हक्क मागतो तोही ‘रेख्त’. इंग्रजीत कायद्यासाठी ‘लॉ’ हा वेगळा शब्द आहे. तो उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आला. त्यामुळे इंग्रजीत ‘राइट’ला थोडी मोकळीक मिळाली. थॉमस हॉब्जने १६५१ सालच्या ‘लेव्हायथन’मध्ये या दोन शब्दांतला फरक मांडला. कायदा बांधतो आणि ‘राइट’ मोकळे सोडतो, असा त्याचा मुद्दा होता.

पण हॉब्जच्या आधी कितीतरी शतके या शब्दाचा अर्थ वेगळाच होता. तेव्हा ‘राइट’ ही कोणाच्या मालकीची वस्तू नव्हती. ती एक स्थिती होती. जे न्याय्य, जे रीतीप्रमाणे, ते ‘राइट’. राजाने ‘राइट’ करावे, म्हणजे न्याय करावा. १२१५च्या मॅग्ना कार्टात राजाने असे कबूल केले की न्याय कोणाला विकला जाणार नाही, कोणाला नाकारला जाणार नाही आणि कोणासाठी लांबणीवर टाकला जाणार नाही. मूळ मजकूर लॅटिनमध्ये आहे आणि तिथे ‘न्याया’च्या जोडीला ‘रेक्टुम’, म्हणजे ‘सरळ ते’, असा शब्द आहे. एकवचनी.

हे एकवचन लक्षात ठेवा, कारण पुढच्या शतकांत इंग्लंडचे दोन महत्त्वाचे दस्तऐवज येतात. पहिला १६२८चा. त्याचे नाव ‘पिटिशन ऑफ राइट’. दुसरा १६८९चा. त्याचे नाव ‘बिल ऑफ राइट्स’. शेवटी एक ‘स’ वाढला आहे. अनेकवचनी रूप भाषेत आधीपासून होते, पण या दोन मथळ्यांत मधल्या साठ वर्षांची उलथापालथ दिसते.

१६२८ साली गादीवर पहिला चार्ल्स होता. लढायांसाठी त्याला पैसा हवा होता आणि संसद तो देत नव्हती. मग त्याने सक्तीची कर्जे उकळली. ज्यांनी दिली नाहीत त्यांना कारण न सांगता तुरुंगात टाकले. लोकांच्या घरी सैनिक राहायला पाठवले. एडवर्ड कोक या वृद्ध कायदेपंडिताच्या पुढाकाराने संसदेने राजाकडे एक अर्ज दिला. अर्ज म्हणजे अर्जच, हं. राजा, तू रीत मोडली आहेस, ती पुन्हा सरळ कर, एवढेच त्यात मागणे. राजाने आधी गोलमाल उत्तर दिले. संसद ऐकेना, तेव्हा ७ जून रोजी त्याला ठरलेल्या जुन्या फ्रेंच शब्दांत उत्तर द्यावे लागले. त्याचा भावार्थ असा की, मागितल्याप्रमाणे ‘राइट’ केले जावे. बघा, अजून ‘राइट’ राजाने करायची गोष्ट आहे. लोकांनी ते मागायचे आहे.

पुढे यादवी युद्ध झाले. १६४९ साली याच चार्ल्सचे मुंडके उडवले गेले. राजेशाही परत आली, पुन्हा एका राजाला पळून जावे लागले. आणि १६८९ साली नव्या राजा-राणीपुढे जो मजकूर ठेवला गेला, तो यादीच्या स्वरूपात होता. संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, निवडणुका मोकळेपणाने व्हाव्यात, संसदेतल्या भाषणाबद्दल बाहेर खटला नाही. हे आमचे आहे, मोजून घ्या, असा त्याचा सूर. ‘राइट’ आता राजाच्या हातून लोकांच्या मुठीत आले. जी स्थिती होती ती मालकीची वस्तू झाली, आणि वस्तू मोजता येतात, म्हणून अनेकवचन ठळक झाले.

आता तुम्ही विचाराल, कोणाच्या मुठीत? हा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. कारण ‘राइट’ म्हणून राजेही दावा करत होते. राजाला सत्ता थेट ईश्वराकडून मिळते, या मतालाही इंग्रजीत ‘डिव्हाइन राइट’ असेच नाव आहे. आणि राजाला आव्हान देणाऱ्या संसदेत तरी कोण होते? जमीनजुमला असलेले पुरुष.

१६४७ साली, यादवीच्या धामधुमीत, लंडनजवळच्या पटनी गावातल्या चर्चमध्ये सैन्यातल्या लोकांची एक चर्चा झाली. तिथे रेन्सबरो नावाच्या अधिकाऱ्याने असे मांडले की, ज्याला सरकारच्या आज्ञेत राहायचे आहे त्याची त्या सरकारला संमती हवी, मग तो इंग्लंडमधला सर्वांत गरीब माणूस का असेना. समोरून आयर्टनने विचारले की, ज्याची देशात मालमत्ता नाही त्याचा देशाच्या कारभाराशी काय संबंध? अखेर आयर्टनचाच पक्ष वरचढ ठरला आणि पुढे अडीचशे वर्षांहून अधिक काळ इंग्लंडमधला मताधिकार मालमत्तेशी बांधलेला राहिला.

पटनीच्या मंडळींच्या तोंडी एक शब्द वारंवार होता, ‘बर्थराइट’. त्याचा मूळ अर्थ अगदी वतनदारी थाटाचा. थोरल्या मुलाला जन्माने मिळणारा वारसा. बायबलमध्ये एसाव हा वारसा धाकट्या भावाला एका वेळच्या जेवणासाठी विकून टाकतो. या लोकांनी तो शब्द उचलला आणि म्हणाले, या देशात जन्मलेला प्रत्येक जण थोरला मुलगा आहे. शब्द जुनाच, कुंपण मोडले.

मग १७९१ साली थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ आले. तिथे ‘इंग्रजांचे हक्क’ जाऊन ‘माणसाचे हक्क’ आले. दुसऱ्या वर्षी पेनवर राजद्रोही लिखाणाचा खटला झाला, त्याच्या गैरहजेरीत. त्याच १७९२ साली मेरी वुल्स्टनक्राफ्टने स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिले, कारण ‘मॅन’ म्हटल्यावर बाई त्यात धरली आहे की नाही याची कोणी खात्री देत नव्हते. आणि ही शंका किती दिवस टिकली म्हणता? १९४८च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्याच कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असे शब्द होते. ते बदलून ‘सर्व मानव’ असे शब्द घालण्याचा आग्रह धरला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. मुंबईशी त्यांचे जवळचे नाते होते. मुंबईच्या विधिमंडळात त्या होत्या आणि स्त्रियांच्या विद्यापीठाच्या कुलगुरूही होत्या.

तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. ‘मला राइट आहे’ असे म्हणणारा माणूस नेमके काय म्हणत असतो? जेरेमी बेन्थमला निसर्गदत्त हक्क ही भाषा मान्य नव्हती. कायद्याने दिलेला हक्क तेवढा खरा, बाकी पोकळ शब्द, असे तो म्हणे. त्याचे सगळे मत आम्हाला पटत नाही, पण त्याने लावलेली कसोटी कामाची आहे. हक्क म्हणता, तर तो पुरा करण्याचे बंधन कोणावर आहे ते दाखवा.

ही कसोटी १९१३ साली अमेरिकेतल्या वेस्ली होफेल्ड या कायद्याच्या प्राध्यापकाने फार नेमकेपणाने मांडली. तो म्हणाला, कायद्यात ‘राइट’ हा एकच शब्द आपण चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि त्यामुळे विचारांचा गोंधळ होतो. पहिली गोष्ट दावा. मी तुम्हाला पैसे उसने दिले, ते परत मागण्याचा माझा दावा आहे. इथे तुमच्यावर कर्तव्य आहे. दुसरी गोष्ट मुभा. बागेतल्या बाकावर बसायला मला मुभा आहे, म्हणजे न बसण्याचे बंधन माझ्यावर नाही. पण तुम्ही आधी येऊन बसलात तर तुम्हाला उठवता येणार नाही. तिसरी गोष्ट सत्ता. मी मृत्युपत्र करून माझे घर कोणाला द्यायचे ते ठरवू शकतो, म्हणजे इतरांची कायदेशीर स्थिती बदलू शकतो. चौथी गोष्ट अभय. सरकारला माझे अमुक काही काढून घेता येत नाही, त्याचे हात तिथे बांधलेले आहेत.

होफेल्ड एवढा का सांगितला? कारण मुभा मिळाली म्हणजे दावा मिळाला असे आपल्याला वाटते, आणि तिथे फसगत होते. त्याचे उदाहरण आता येईल.

त्याआधी इंग्रजी शब्द आपल्याकडे येतो तेव्हा काय झाले ते पाहू. एकोणिसाव्या शतकात कोर्टकचेरीतून आणि छापील पुस्तकांतून ‘राइट’ मराठी माणसाच्या समोर आला. त्यासाठी हाताशी दोन शब्द होते, हक्क आणि अधिकार.

‘हक्क’ मूळचा अरबी. तिथे त्याचा अर्थ सत्यही आहे आणि हक्कही. म्हणजे ‘राइट’सारखीच जोडी, फक्त सरळपणाऐवजी खरेपणा. आपल्या बोलण्यात ‘हकनाक बळी गेला’ म्हणतो, त्यात हा जुना अर्थ शिल्लक आहे. पण मराठी कागदपत्रांत हा शब्द रुळला तो वतनाच्या संदर्भात. पाटलाचे हक्क, कुलकर्ण्याचे हक्क, बलुतेदाराचा पिकातला वाटा. हे हक्क माणसाचे नव्हते, वतनाचे होते. ज्याचे वतन त्याचा हक्क, आणि वतन जातीने ठरलेले.

‘अधिकार’ संस्कृतातला. मीमांसकांनी या शब्दावर फार खल केला आहे. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय यज्ञाचा अधिकार कोणाला याच चर्चेचा. तिथे अधिकार म्हणजे पात्रता. अमुक विधी करायला कोण पात्र, कोण अपात्र. ब्रह्मसूत्रांत तर शूद्राला वेदविद्येचा अधिकार आहे का हे ठरवण्यासाठी वेगळे प्रकरणच आहे आणि उत्तर नकारार्थी आहे. गीतेतल्या कर्माविषयीच्या सर्वांच्या पाठातल्या श्लोकात ‘अधिकार’ येतो आणि अनेक इंग्रजी भाषांतरांत त्याच्यासाठी ‘राइट’ लिहिलेले असते. आम्हाला ते नेहमी खटकते. पात्रता आधी सिद्ध करावी लागते. पेन ज्याला ‘राइट’ म्हणत होता त्यासाठी काहीच सिद्ध करावे लागत नाही, माणूस असणे पुरते.

म्हणजे आपल्याकडचे दोन्ही शब्द कुंपण घेऊनच आलेले होते. एकाला वतनाचे, दुसऱ्याला वर्णाचे. इंग्रजी शब्दालाही कुंपण होते, मालमत्तेचे आणि पुरुषपणाचे, ते आपण पाहिले. प्रश्न होता तो कुंपण काढण्याचा.

काढणारे आपल्याकडे आधीही होऊन गेले. वारकरी संतांनी नामाचा अधिकार सगळ्यांना आहे असे सांगून ‘अधिकार’ या शब्दाची कड भक्तीपुरती तरी उघडली. तो सामाजिक व्यवहारात आणला जोतीराव फुल्यांनी. पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ त्यांनी तरुणपणी वाचले होते. १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना मानवी अधिकारांचे धनी केले आहे, अशा आशयाची मांडणी आहे. ‘मानवी अधिकार’ ही जोडी आज आपल्याला गुळगुळीत वाटते. पण ज्या शब्दाचा अर्थच शतकानुशतके ‘काहींची पात्रता’ असा होता, त्याला ‘मानवी’ हे विशेषण लावणे म्हणजे काय, याचा विचार करा. आणि पुरुषांबरोबर स्त्रिया आहेत, हेही स्पष्टपणे सांगितलेले. पुढे होमरूलच्या काळात टिळकांच्या तोंडून ‘जन्मसिद्ध हक्क’ ही शब्दयोजना घरोघर गेली. पटनीतल्या त्या ‘बर्थराइट’शी हिचे नाते उघड आहे.

आता महाड. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात ठराव आणला आणि तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात असा तो ठराव. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले. तरी पुढची तीन वर्षे त्या तळ्यावर अस्पृश्यांना पाणी भरता आले नाही. का? होफेल्डच्या भाषेत सांगायचे तर त्यांना मुभा मिळाली होती, दावा मिळाला नव्हता. त्यांच्या वाटेत आडवे न येण्याचे कर्तव्य कोणावर टाकले गेले नव्हते, आणि टाकले असते तरी ते बजावायला लावणारे कोणी नव्हते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले. तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह व्हायचा होता, तेव्हा काही सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली आणि त्यांनी मनाई हुकूम आणला. त्यांचे म्हणणे काय होते? या तळ्यावर अस्पृश्यांना येऊ न देणे हा वहिवाटीने चालत आलेला आमचा हक्क आहे! म्हणजे दोन्ही बाजूंच्या हातात शब्द एकच, ‘राइट’. एकाचा पाणी पिण्याचा, दुसऱ्याचा पिऊ न देण्याचा. बळकट हाताला योग्य हात म्हणण्याची ती जुनी गल्लत आठवली ना? चालत आले आहे म्हणून सरळ आहे, असा तो युक्तिवाद होता.

सत्याग्रह तहकूब झाला, पण परिषद झाली. त्या परिषदेत आंबेडकरांनी आपल्या सभेची तुलना १७८९च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. ज्या सभेच्या बाकांवरून ‘उजवे’ हा राजकीय शब्द जन्मला, तीच ही सभा. पण आंबेडकरांनी तिथून उचलले ते माणसाच्या हक्कांचे तत्त्व. कोर्टातला दावा दहा वर्षे चालला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, अशी अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही.

निकाल बाजूने लागला खरा, पण त्याचा आधार बारकाईने पाहा. वहिवाट सिद्ध झाली नाही म्हणून दावा फेटाळला. वहिवाट सिद्ध झाली असती तर? ही टांगती तलवार निघाली ती १९५० साली. संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात तळे कशाला, असे कोणाला वाटेल. महाडची कथा माहीत असलेल्याला वाटणार नाही. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि ती पाळणे हा गुन्हा ठरवला. आता समोरच्यावर कर्तव्य आले. मुभेचा दावा झाला.

आजच्या मराठीत हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात. संविधानाच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ आहेत, हिंदीत ‘मूल अधिकार’. २००५चा कायदा आपल्याकडे ‘माहितीचा अधिकार’ म्हणून ओळखला जातो आणि २००९चा ‘शिक्षणाचा हक्क’ म्हणून. दोन्ही चालतात. पण आम्हाला ‘हक्क’ थोडा जवळचा वाटतो, त्याचे कारण सांगतो. ‘अधिकार’ या शब्दाला सत्तेचा वास आहे. खिडकीच्या आत बसतो तो अधिकारी, आणि बाहेर उभा असतो त्याच्याजवळही म्हणे अधिकारच. आतला म्हणतो, ‘मला तो अधिकार नाही’. बाहेरचा म्हणतो, ‘माझा तो अधिकार आहे’. दोघे एकच शब्द वापरतात, एक सत्तेविषयी बोलतो, दुसरा दाव्याविषयी, आणि फाइल जागची हलत नाही. ‘हक्क’ मात्र बोलीत मऊ झाला आहे. ‘हक्काने जेवायला या’ असे आपण म्हणतो. तिथे अर्ज नाही, पात्रता नाही, तुम्ही आमचे आहात एवढे पुरते.

आता एक शेवटचा मुद्दा, आणि तो सध्याच्या दिवसांत फार गरजेचा आहे. इंग्रजीत ‘इट इज राइट’ आणि ‘आय हॅव अ राइट’ ही दोन वाक्ये एकाच शब्दावर उभी आहेत, म्हणून ती एकच वाटतात. तशी ती नाहीत. रोनाल्ड ड्वॉर्किन या तत्त्वज्ञाने १९७०च्या दशकात या फरकावर बोट ठेवले. माझ्याजवळचे पैसे मी उधळून टाकले तर तो माझा हक्क आहे, पण म्हणून ते योग्य ठरत नाही. उलट, एखादी गोष्ट योग्य नाही असे तुम्हाला वाटले म्हणून ती करण्याचा माझा हक्क नाहीसा होत नाही. मराठीत ‘बरोबर’ आणि ‘हक्क’ हे वेगळे शब्द आहेत, त्यामुळे हा फरक आपल्याला जास्त स्वच्छ दिसायला हवा. तरी ‘माझा हक्क आहे’ म्हटले की चर्चा संपली असे आपण समजतो. चर्चा तिथे संपत नाही. हक्क सांगून झाला की मग मी तो कसा वापरावा, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘हा माझा राइट आहे’ असे म्हणाले, मग तो राजा असो, नागरिक असो की आपण स्वतः, तर तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. हा नुसता मुभा आहे की दावा? दावा असेल तर कर्तव्य कोणावर आहे, आणि ते बजावून घेणारा कोण? आणि हा हक्क माणूस म्हणून सांगितला जातोय, की दुसऱ्याला दूर ठेवण्यासाठी? चवदार तळ्याच्या वादात दोन्ही बाजूंना हा तिसरा प्रश्न विचारून पाहा, कोणाचे म्हणणे सरळ आणि कोणाचे पिळलेले ते लगेच कळते. ओळंबा लावला की भिंतीचे समजते, तसे.

इथे थांबतो. वेळ आहे, प्रश्न असतील तर जरूर विचारा. हक्काने विचारा.